अन्वर्थ नांव

गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं आमचा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीहून आमच्या ठाण्याच्या घरीं आला. बी. ए. ला त्यानें इतिहास घेतला होता. पुढें पोटासाठीं संगणकाच्या मार्गाला लागला व आतां सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनींत बऱ्या हुद्द्यावर आहे. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, एका मॉड्यूलला नांव हवें आहे. तुम्ही सुचवाल म्हणून आलों." मुलांच्या बारशाचीं नांवें सुचविण्याचा प्रसंग आमच्यावर पुष्कळदां आला आहे, परंतु असलें बारसें आम्हांस नवें होतें.

ज्या वाचकांचा या व्यवसायाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक एखादें काम एकदांच नीट लिहून ठेवतात आणि जेथें जेथें त्याची गरज पडेल तेथें तेथें तेंच लिखाण जसेंच्या तसें वापरतात. अशा स्वतंत्र व पुन्हां पुन्हां उपयोगी पडणाऱ्या लिखाणास ते मॉड्यूल म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याचें मॉड्यूल अंकांत मांडलेली रक्कम मराठी शब्दांत लिहून देणारें होतें. पावत्यांवर व ठेवींच्या प्रमाणपत्रांवर ती तशी लिहावी लागते. काम वाटतें तितकें सोपें नाहीं. इंग्रजींत विसापर्यंतचे आकडे आले कीं पुढचे सहज जुळवितां येतात. मराठींत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा निराळा पाठ करावा लागतो, आणि एकोणसाठ व एकोणसत्तर यांत तर आमच्या घरचीं मुलेंहि अडखळतात. त्यानें तें सर्व काळजीपूर्वक लिहिलें, तपासलें, आणि घाईघाईनें 'कॉमन युटिल्स', म्हणजे 'सर्वांच्या उपयोगाचें किरकोळ सामान', अशा नांवाच्या पेटींत ठेवून दिलें.

दोन वर्षांनीं असें उघडकीस आलें कीं, त्याच कचेरींतील दुसऱ्या दोन गटांनीं तेंच काम आपापल्या परीनें पुन्हां लिहिलें होतें. त्यांपैकीं एका लिखाणांत ६९ या आकड्यापुढें 'एकोणसाठ' असा शब्द पडला होता. ६९,००० रुपयांच्या ठेवीची पावती एका वृद्ध गृहस्थांच्या हातीं पडली. त्यांनीं चष्मा पुसून ती दोनदां वाचली आणि खिडकींतून परत केली. "अंक खरा मानूं कीं अक्षर?" एवढेंच त्यांनीं विचारलें. निर्दोष लिखाण दोन वर्षें त्याच छपराखालीं पडून होतें; पण त्याच्या पेटीवरील नांवावरून तें आंत आहे हें कोणास कळावें?

आम्ही पडलों इतिहासाचे शिक्षक. संगणकाविषयींचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. दृष्टांत मात्र होते. ज्या लोहमार्गानें हा मुलगा रोज कचेरीस जातो त्या ठाणें-कल्याणच्या वाटेवरच नांवांच्या गुणदोषांचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास पसरलेला आहे. त्या दिवशीं त्यास जें सांगितलें, तेंच येथें थोडें व्यवस्थित मांडीत आहों.

प्रथम आमचें ठाणेंच घ्या. शिलाहार राजा अरिकेसरी याच्या इ. स. १०१७ च्या ताम्रपटांत या नगराचा उल्लेख 'श्रीस्थानक' असा येतो. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें त्यास 'ताना' म्हटलें. मूळ शब्दाचा अर्थ पाहूं जातां, स्थान म्हणजे जागा, एवढाच. शिलाहारांच्या अमलांत 'स्थान' म्हटल्यावर दुसरें कोणतें, हें विचारण्याचें कारण नव्हतें. मागें 'श्री' जोडली कीं राजधानीचा बोध पुरा होई. परंतु राजवटी गेल्या, 'श्री' गळाली आणि नुसती 'जागा' उरली. लष्कराच्या चौकीसहि ठाणें, फौजदाराच्या कचेरीसहि ठाणें. "ते सकाळपासून ठाण्यांत आहेत," असा निरोप आला, तर गृहस्थ आपल्या बहिणीकडे जेवावयास गेले आहेत कीं पोलिसांनीं त्यांस नेलें आहे, याचा उलगडा पुढच्या वाक्यापर्यंत होत नाहीं. जें नांव प्रत्येक जागेस लागूं पडतें तें कोणत्याच जागेचा पत्ता सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची 'कॉमन युटिल्स' ही पेटी म्हणजे असेंच एक ठाणें होय. ज्यानें वसविलें त्यास आंत काय आहे तें ठाऊक. परक्यानें काय समजावें?

आतां कल्याणकडे वळूं. हें नांव ठाण्यासारखें मोघम नाहीं. इ. स. च्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तांत 'कल्लिएना' बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. सहाव्या शतकांतील कॉस्मस या प्रवाशासहि हें बंदर माहीत होतें. नांव मंगल, श्रुतिमधुर आणि दीर्घायुषी. मग दोष कोणता? दोष असा कीं, त्यावर दोघांची मालकी झाली. अकराव्या शतकांत चालुक्यांनीं आपली राजधानी ज्या नगरांत नेली त्याचेंहि नांव कल्याणच. तें नगर आज कर्नाटकांत बीदर जिल्ह्यांत असून त्यास बसवकल्याण म्हणतात. इतिहासकारांनीं घोटाळा टाळण्यासाठीं 'कल्याणीचे चालुक्य' असें म्हणण्याचा प्रघात पाडला. तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत एखादा तरी विद्यार्थी सहाव्या विक्रमादित्यास उल्हास नदीच्या कांठीं आणून बसवितोच. अशा वेळीं लोक जो उपाय करतात तो शहाणपणाचा आहे. ते जुनें नांव मोडीत नाहींत. त्यास एक विशेषण किंवा सोबती जोडून देतात. म्हणून जुन्या कागदांत कल्याण-भिवंडी, तिकडे बसवकल्याण, आणि रेलवेच्या पाटीवर कल्याण जंक्शन.

एका नांवाचे दोन धनी झाले म्हणजे काय होतें याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या व्यवसायांतून लगेच दिला. सॉफ्टवेअरचीं मॉड्यूलें जगभरच्या लोकांनीं घ्यावींत म्हणून एनपीएम नांवाचें एक मोठें भांडार आहे. त्यांत एका लेखकानें 'किक' या नांवानें आपलें मॉड्यूल ठेविलें होतें. त्याच नांवाची संदेशसेवा चालविणाऱ्या एका कॅनेडियन कंपनीनें त्या नांवावर हक्क सांगितला, आणि भांडाराच्या चालकांनीं नांव कंपनीस दिलें. लेखकानें रागावून, मार्च २०१६ मध्यें, आपलीं अडीचशेंहून अधिक मॉड्यूलें काढून घेतलीं. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाचें अवघ्या अकरा ओळींचें एक होतें. मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरून त्यास ठराविक लांबीचें करणें, एवढेंच त्याचें काम. पण त्या अकरा ओळींवर हजारों लोकांचीं कामें उभीं होतीं. तीं एकाएकीं अडलीं. येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या नांवावरून तंटा झाला त्या 'किक' वरून आंतील वस्तूचा कांहींच बोध होत नाहीं. आणि जें बिचारें तंट्यांत नाहक सांपडलें त्या 'लेफ्ट-पॅड'चें नांव ऐकतांच त्याचें काम कळतें. त्यास इतके लोक वापरीत होते याचें एक कारण तें स्पष्ट नांवहि असावें, असें आम्हांस वाटतें.

नांव अर्थपूर्ण असावें हें ठरलें. पण अर्थ तरी कोणाच्या भाषेंतला? या प्रश्नाचा विचार आपल्याकडे तीन शतकांपूर्वींच झाला आहे. १६५७ त कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आली, व १६७४ त शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. राज्य हातीं आलें तरी कारभाराची भाषा फारसी वळणाची होती. महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. अष्टप्रधानांच्या हुद्द्यांसहि संस्कृत नांवें मिळालीं: पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत, सरनोबतास सेनापति. हुद्दा हीहि एक परीनें पुन्हां पुन्हां वापरावयाची वस्तु आहे. माणूस बदलतो, काम तेंच राहतें, आणि नव्या माणसास व त्याच्याकडे येणाऱ्या रयतेस त्या कामाची ओळख नांवावरूनच पटावयाची असते.

या नव्या नांवांचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. 'सेनापति' लोकांच्या तोंडीं सहज बसलें, कारण सेना व पति हे दोन्ही शब्द कीर्तन-पुराणांतून घरोघर पोंचले होते. 'पंतप्रधान' मात्र बोलण्यांत 'पेशव्यां'स हटवूं शकलें नाहीं. मुद्रेवर 'मुख्य प्रधान' आणि जिभेवर 'पेशवे' अशी दुहेरी राहटी अखेरपर्यंत चालली. तिसरा प्रकार याहून चमत्कारिक. भोरचे पंतसचिव व बावड्याचे पंतअमात्य यांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या चाललीं; पण सचिवानें सचिवाचें व अमात्यानें अमात्याचें काम करावें हा संबंध सुटला, आणि हुद्दा केवळ घराण्याची खूण होऊन बसला. यावरून दोन गोष्टी निघतात. नवें नांव चालावयास तें आधींच लोकांच्या कानांवर असलें पाहिजे. आणि काम बदललें तर नांव तसेंच ठेवणें ही वाचकाची फसवणूक आहे.

रूढ झालेलें नांव बदलणें किती कठीण, हें पाहावयास इतिहासांत फार मागें जावें लागत नाहीं. बोरीबंदरच्या भव्य स्टेशनास १९९६ त छत्रपति शिवाजी टर्मिनस व २०१७ त छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस असें नांव मिळालें. नांव गौरवाचें आहे, आणि पाट्यांवर तें झळकतें. तरी आमच्या वयाचीं माणसें अजून 'व्हीटी' म्हणतात, आमच्याहून लहान 'सीएसटी' म्हणतात, आणि अगदीं नवी पिढी 'सीएसएमटी' म्हणते. तिघांसहि त्याच स्टेशनावर उतरावयाचें असतें. म्हणून नांव बदलावयाचें असेल तर लवकर बदलावें. आणि बदलल्यावर कांहीं काळ तरी जुन्या नांवानें हांक मारणाऱ्यासहि ओ द्यावी.

आतां आगगाडीकडेच येऊं; कारण आमच्या विद्यार्थ्याचा खरा आक्षेप येथें होता. तो म्हणाला, "सर, लांबलचक अर्थपूर्ण नांवें लिहावयास कंटाळा येतो. एखादें छोटें अक्षर पुरत नाहीं का? लोकलला पुरतें." आक्षेप विचार करण्याजोगा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली तेव्हां ती ओढणाऱ्या तीन एंजिनांस साहिब, सिंध व सुलतान अशीं डौलदार नांवें होतीं. गाडी एकच आणि जावयाचें ठिकाणहि एकच. तेव्हां नांव केवळ शोभेचें असलें तरी कोणाचें अडत नव्हतें. पुढील वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, मार्ग कल्याणपर्यंत पोंचला. तेथून त्यास दोन फांटे फुटले: एक आग्नेयेकडे कर्जतवरून बोरघाटांत, दुसरा ईशान्येकडे कसाऱ्यावरून थळघाटांत. बोरघाट १८६३ त व थळघाट १८६५ त खुला झाला. गाड्या वाढल्या, ठिकाणें वाढलीं, आणि प्रत्येक गाडी कोठें जाते हें दुरून एका नजरेंत कळविण्याची गरज पडली. तेव्हां अक्षरें आलीं.

ठाण्यास टी, डोंबिवलीस डीएल, बदलापुरास बीएल, टिटवाळ्यास टीएल. येथवर सर्व ठीक. परंतु या मार्गावर कुर्ला, कल्याण, कर्जत, कसारा व खोपोली अशीं इंग्रजींत एकाच अक्षरानें आरंभ होणारीं पांच ठिकाणें! 'के' हें अक्षर कल्याणनें घेतलें. खोपोलीस केपी मिळालें. कुर्ल्यास सी आलें. जुन्या इंग्रजी लेखनांत कुर्ला त्या अक्षरानें लिहीत, बहुधा त्यावरून. कर्जतला एस व कसाऱ्यास एन. एक आग्नेयेकडील व दुसरा ईशान्येकडील मार्ग, इंग्रजींत एक 'साउथ'चा व एक 'नॉर्थ'चा, असा या दोन अक्षरांचा उलगडा सांगतात. रोजच्या प्रवाशास तो उलगडाहि नको असतो; एस म्हणजे कर्जत हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. पण सोलापुराहून प्रथमच आलेल्या व बदलापुरास भाचीच्या घरीं निघालेल्या मावशींनीं काय करावें? कर्जत या शब्दांत एस नाहीं, कसारा या शब्दांत एन नाहीं. त्यांतून त्याच इंडिकेटरवर धीम्या गाडीसहि एसच! अशा मावशी चुकून एनच्या गाडींत बसल्या तर कल्याणपर्यंत सर्व सुरळीत चालतें. चूक कळते ती गाडी विठ्ठलवाडीऐवजीं शहाडला थांबली म्हणजे. अस्पष्ट नांवाचा हा मोठा दोष आहे: तें आरंभीं अडवीत नाहीं, पुष्कळ दूर नेऊन सोडतें.

गंमत अशी कीं, संगणकाच्या इतिहासांतहि अगदीं हीच पायरी होऊन गेली आहे. केंब्रिज येथील एडसॅक नांवाचा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला. पुन्हां पुन्हां लागणारीं गणितें प्रत्येकानें नव्यानें लिहूं नयेत म्हणून विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं तयार लिखाणांचा एक संग्रह जमविला. १९५१ त त्या तिघांचें या विषयावरचें पुस्तक प्रसिद्ध झालें तेव्हां संग्रहांत ८७ लिखाणें होतीं. त्यांचीं नांवें म्हणजे अक्षर व त्यापुढें अंक: भागाकारास डी, लॉगॅरिथमास एल, छापण्यास पी, आणि त्रिकोणमितीस टी. आमच्या ठाण्याचें अक्षर! केंब्रिजांत तें चाललें, कारण वापरणारे मोजके, यंत्र एकच, आणि यादी सर्वांच्या हाताशीं. पुढें १९६८ त जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं असा विचार मांडला कीं, कारखान्यांतील सुट्या भागांप्रमाणें सॉफ्टवेअरचेहि तयार भाग यादींतून निवडून घेतां आले पाहिजेत. आज तें प्रत्यक्षांत आलें आहे. भागांची गणना ऐंशीं-नव्वदांवरून लाखांवर गेली आहे. आणि वापरणारा बहुतेक वेळां कर्त्यास कधींहि न भेटलेला परका असतो. केंब्रिजचें अक्षर त्याच्या काय कामाचें?

या ठिकाणीं आमच्या विद्यार्थ्यानें पाणिनीचें नांव काढलें. पाणिनीनेंहि घु, टि, भ अशा एकाक्षरी संज्ञा केल्या आहेत ना? केल्या आहेत, आणि त्याचें सारें शास्त्र अशा एकदां सांगून सर्वत्र वापरलेल्या संज्ञांवर उभें आहे. परंतु त्याच्या शिष्यास संबंध अष्टाध्यायी मुखोद्गत असे. ज्यास सर्व ग्रंथ पाठ आहे त्यास 'घु' पुरे. शिवाय सर्वनाम, अव्यय यांसारख्या लांब संज्ञाहि त्यानें वापरल्याच आहेत. आणि संज्ञा जेव्हां मोठी असते तेव्हां ती अन्वर्थ, म्हणजे आपल्या अर्थास अनुसरून चालणारी, समजावी, असें आपले वैयाकरण म्हणत आले. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. आखूड नांव जाणत्यासाठीं; अन्वर्थ नांव परक्यासाठीं. नांव किती लांब असावें, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे. तें कोण वाचणार, हा पहिला.

एवढें विवेचन झाल्यावर आम्हांस वाटलें कीं, आतां नांव सुचविण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला. आणि आम्हीं मोठ्या प्रौढीनें 'मुद्राक्षरिका' असें नांव पुढें केलें. विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला. मग हलकेच म्हणाला, "सर, हें राज्यव्यवहारकोशांत शोभेल." आमच्याच शस्त्रानें त्यानें आम्हांस गांठलें होतें! स्वयंपाकघरांतून हा संवाद ऐकणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींनीं तोडगा सुचविला: "पावतीवर 'अक्षरी रुपये' असें छापलेलें असतेंच कीं." खरोखर, नांव कोणी घडविण्याची गरजच नव्हती. तें गेल्या कित्येक पिढ्या आपल्या पावत्यांवर, रोख्यांवर, देणगीच्या पुस्तकांवर छापलेलें होतें. ज्यांनीं हें काम हातानें केलें त्या कारकुनांनींच त्याचें बारसें करून ठेविलें होतें.

तरीहि एक अडचण उरली. विद्यार्थ्याच्या कचेरींतील कित्येक सहकारी चेन्नईचे व हैदराबादचे. त्यांस 'अक्षरी' या शब्दाचा बोध होणार नाहीं. एकोणसाठ-एकोणसत्तरांत चुकणारा हात त्यांच्यापैकींच एकाचा होता, आणि त्यालाच हें मॉड्यूल सर्वांत आधीं सांपडावयास हवें होतें. मराठीचा अभिमान आम्हांस कमी नाहीं. परंतु परक्यास वाट दाखविणारी पाटी परक्यास वाचतां आली पाहिजे, हें आम्हीं स्वतःच आतांपर्यंत सांगत होतों. शेवटीं ठरलें तें असें. नांव साधें इंग्रजी, 'रुपीज टू मराठी वर्ड्स'. खालच्या वर्णनाच्या पहिल्या ओळींत 'अक्षरी रुपये'. आणि जुन्या पेटीचें नांव एक वर्षभर चालूं ठेवून, तेथें येणारास नव्या जागेचा पत्ता देणारी सूचना. नांवांत काव्य नाहीं, हें आम्ही कबूल करतों. पण एवढें खरें कीं, काय आंत जातें, काय बाहेर येतें आणि कोणत्या भाषेंत येतें, हें तिन्ही त्यांत आहे. आणि मोघम असें कांहीं नाहीं.

दिवाळींत तो फराळास आला तेव्हां आम्हीं सहज चौकशी केली. हैदराबादच्या एका नव्या मुलानें तें मॉड्यूल आपल्या कामांत वापरलें होतें, हें त्यास आठवड्यानंतर योगायोगानें समजलें. मुलानें ना पत्र पाठविलें होतें, ना फोन केला होता. "मला कोणी विचारलेंच नाहीं, सर," तो म्हणाला. आणि हें सांगतांना त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला तो आमच्या हातून बक्षीस घेतांनाहि कधीं दिसला नव्हता.